लोकसेवकांचे नीतिशिक्षण : एक विचार

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ सालापासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका घातली. गुण २५०. त्यांपैकी जवळजवळ निम्मे गुण प्रसंगांना असतात : तुम्ही अमुक ठिकाणी अधिकारी आहात, असा असा पेच पडला आहे, काय कराल? आपल्या राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतही आता हा विषय आला आहे. ‘चांगुलपणा काय तीन तासांत तपासता येतो?’ अशी थट्टा आमच्या वर्गात नेहमी चालते. मीही ती पुष्कळ केली. मागील सत्रातील एका सराव प्रश्नानंतर मात्र ती मला जमेनाशी झाली.

प्रश्न असा होता. तुम्ही तहसीलदार आहात. पूर आल्यामुळे निवारा केंद्रात गावकऱ्यांबरोबर परराज्यातील मजुरांची कुटुंबेही आली आहेत. त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. धान्य मोजके असून ते यादीतल्यांनाच द्यावे असा वरून तोंडी आदेश आहे. मी दीड पान लिहिले. कर्तव्य, वस्तुनिष्ठता, करुणा हे शब्द जागच्या जागी बसवले, कांटचे नाव घेतले आणि ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवून नियमानुसार कार्यवाही करीन’ असे लिहून मोकळा झालो. दहापैकी सात गुण पडले.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. मी सात-आठ वर्षांचा असेन, कारखान्याच्या गावी आई मला घेऊन रेशनच्या दुकानात गेली. कार्ड आमच्या गावचे. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. ‘बाई, वर विचारावं लागंल,’ एवढेच तो म्हणाला. २०१९ साली सुरू झालेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने ही अडचण निदान कागदावर तरी दूर झाली. पण माझे सात गुणांचे उत्तर त्या दुकानदाराचेच होते. फरक काय तो भाषेचा.

तत्त्व पाठ असले म्हणजे माणूस त्याप्रमाणे वागतो असे नाही, याचा भयंकर दाखला आडोल्फ आइशमनचा आहे. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा जर्मन अधिकारी. १९६१ साली जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला. आपण हुकमाचे ताबेदार होतो, हा त्याचा बचाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपण कांटच्या नीतितत्त्वाप्रमाणे जगत आलो असेही त्याने सांगितले, आणि न्यायाधीशांनी विचारले तेव्हा ते तत्त्व बऱ्यापैकी बरोबर सांगून दाखवले! आमच्या परीक्षेत त्याला त्या प्रश्नाचे गुण द्यावेच लागले असते.

त्याच काळातला दुसरा सरकारी नोकर म्हणजे जपानचा चिऊने सुगिहारा. १९४० साली तो लिथुआनियातील कौनास शहरी उपवाणिज्यदूत होता. जून महिन्यात सोव्हिएत फौजा आल्या, वकिलाती बंद होऊ लागल्या, आणि पोलंडमधून पळून आलेले ज्यू निर्वासित त्याच्या फाटकाशी गोळा झाले. त्यांना जपानमार्गे पुढे जाण्याचा परवाना हवा होता. नियम असा की, पुढच्या देशाचा प्रवेश आणि पुरेसे पैसे असल्याखेरीज परवाना देऊ नये. सुगिहाराने टोकियोला तारा करून परवानगी मागितली, नकार आला. तरीही जुलैच्या अखेरीपासून कौनास सोडीपर्यंत त्याने हाताने दोन हजारांहून अधिक परवाने लिहिले. एकेका परवान्यावर कित्येकदा अख्खे कुटुंब सुटले. पुढच्या देशाची अट निदान कागदोपत्री पुरी व्हावी म्हणून यान झ्वार्टेनडाइक या डच वाणिज्यदूताने कुरासाव बेटाची नोंद करून दिली होती, हेही सांगितले पाहिजे. एकट्याचे काम ते नव्हतेच.

येथे शंका निघते, आणि ती आमच्या प्राध्यापकांनी काढलीच. विवेकाच्या नावाखाली नियम मोडायला शिकवले, तर उद्या एखादा अधिकारी आपल्या जातवाल्यांसाठी, पाहुण्यांसाठी नियम मोडील आणि त्यालाच विवेक म्हणेल. शंका रास्त आहे. मी बाहेरची तरी कशाला सांगू? ‘पोरगा साहेब झाला की आपली कामं होतील’ हे मी घरातच ऐकतो. पण सुगिहाराचे वागणे नीट पाहिले तर उत्तर तेथेच सापडते. त्याने आधी रीतसर विचारले. ज्यांना परवाने दिले ते त्याचे कोणी नव्हते. परवान्यांवर त्याची स्वतःची सही होती, आणि पुढे १९४१ साली दिलेल्या परवान्यांची नावनिशीवार यादी त्याने आपल्याच खात्याकडे पाठवली. वशिला लावणारा माणूस यादी पाठवीत नाही. १९४७ साली त्याला नोकरी सोडावी लागली. खात्याने कारण नोकरकपातीचे दिले. इस्रायलने त्याचा गौरव केला तो १९८४ साली, मृत्यूच्या दोन वर्षे आधी.

‘जागतिक नागरिकत्व’ हा शब्द आमच्या पुस्तकात संयुक्त राष्ट्रांच्या प्रकरणात येतो, म्हणून तो परराष्ट्र खात्यापुरता आहे असे वाटते. मला तो निवारा केंद्राच्या दारात दिसतो. यादीत नसलेला माणूस समोर उभा राहिला की तो कोणाचा, हा प्रश्न तलाठ्यालाही पडतो.

केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत एक तरतूद आहे : वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी कायम करावा, आणि हाताखालच्यानेही तसे मागून घ्यावे. नीतीच्या वर्गात कांटच्या आधी हा नियम शिकवावा असे मला वाटते. तोंडी आदेश लेखी मागितला की पुष्कळदा तो देणाराच विचारात पडतो.

मग मी तो प्रश्न पुन्हा सोडवला. आदेश लेखी मागितला, उत्तर येईपर्यंत धान्य सर्वांना सारखे वाटले, मजुरांची वेगळी यादी करून वर पाठवली आणि खाली सही केली. सरांनी वाचले. ‘आणि त्यामुळे धान्य दोन दिवस आधी संपले, तर गावकऱ्यांना काय सांगशील?’ त्यांनी विचारले. वहीत तेवढी जागा मी सोडून ठेवली आहे.