चाकांवरचे घर

पंढरीच्या वारीला निघालेली बैलगाडी आपण पाहिली असेल. गाडीवर ताडपत्रीचे छप्पर असते. आत पीठ, मीठ, भांडी, अंथरूण असते. रात्र झाली की गाडी सोडायची, चूल पेटवायची, भाकरी करून खायची आणि तिथेच झोपायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची गाडीही तशीच. सारा संसार तिच्यात. गाडी हेच घर.

मोटारीचेही असे घर करता येते. तिला आपण घरगाडी म्हणू. आज एका जुन्या घरगाडीची माहिती घेऊ. ती जुनी असून चालती कशी राहते, हे पाहण्यासारखे आहे. ही गाडी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात झोपलो आहोत. आणि एकदा आमच्याच चुकीने तिच्यात जळता जळता वाचलो आहोत. ते पुढे येईल.

२०२२ साली उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे इंग्लंडात गेलो होतो. तिच्या दारात ही गाडी उभी. वर पांढरी, खाली नारिंगी. तोंड गोल. गाडी १९७२ सालची, म्हणजे तेव्हा पन्नास वर्षांची. लेकीहून गाडी मोठी! आम्ही म्हणालो, "अगं, एवढे पैसे घालून हे जुनं लोखंड कशाला घेतलंस?"

ती म्हणाली, "अण्णा, आजीचं शिवणाचं मशीन तुम्ही अजून तेल घालून चालवता. मग मला का बोलता?"

आम्ही गप्प बसलो.

ही गाडी फोक्सवॅगन कंपनीची. कंपनी जर्मनीची. हिचाच एक कारखाना पुण्याजवळ चाकणला २००९ साली सुरू झाला. पण आपली घरगाडी त्याहून फार जुनी. दुसरे महायुद्ध संपल्यावर बेन पॉन नावाचा हॉलंडचा एक व्यापारी त्या जर्मन कारखान्यात गेला होता. तिथे माल वाहायला एक ओबडधोबड गाडी केलेली त्याने पाहिली. १९४७ साली त्याने आपल्या वहीत एक साधे चित्र काढले. पुढे चालवणारा, मागे इंजिन, मधे मोकळी जागा. त्या चित्रावरून १९५० साली गाडी तयार होऊन बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या दुसऱ्या कंपनीने त्या मोकळ्या जागेत बसवायचे लाकडी सामान केले. बाकाचा पलंग, कपाट, घडीचे टेबल. झाले घर तयार.

साठ-सत्तरच्या काळात युरोपातली तरुण मुले असल्या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा रस्ता धरून आपल्या देशात येत. कित्येक जण गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत. १९७९ साली इराणात क्रांती झाली. त्याच वर्षाअखेर रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तो रस्ता बंद पडला. गाडी मात्र बंद पडली नाही. ब्राझील देशात ती २०१३ अखेरपर्यंत बनत होती. म्हणून जुन्या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात. ज्याचे भाग मिळतात ते जुने यंत्र पाळावे. ज्याचे मिळत नाहीत त्याच्या नादी लागू नये. हे आमचे मत झाले.

आता गाडीचे दुखणे काय ते पाहू.

लेक सांगे, इंजिन बिघडले तर बदलता येते. पत्रा सडला तर गाडी गेली. इंग्लंडात थंडीत रस्त्यावर बर्फ धरते. ते वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ आणि पाणी मिळून पत्रा खातात. गंज वरून दिसत नाही. आतून येतो. दाराखालच्या पोकळ पट्टीत, चाकांवरच्या कमानीत, बॅटरीखालच्या पत्र्यात, पुढच्या काचेच्या रबराखाली. रंगाला बारीक फोड आला की समजावे, आत काम सुरू झाले.

जुनी गाडी विकणारे काही लबाड असतात. सडलेल्या जागी लांबी भरतात, वरून रंग मारतात, की गाडी नवी नवरी! लेकीने गाडी घेताना एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून नेला होता. पत्र्याला चुंबक चिकटतो. लांबीला चिकटत नाही. त्या एका चुंबकाने विकणाऱ्याची बोलती बंद केली, असे जावईबापू सांगतात. किंमतही उतरली.

सडलेला पत्रा घासून भागत नाही. कापून काढावा लागतो. तिथे नवा पत्रा वेल्डिंग करून बसवायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग, आणि पोकळ जागेत मेण फवारायचे. वेल्डिंग लेक स्वतः करीत नाही. ते काम ती जाणत्या माणसाकडे देते. बाकीचे पुष्कळ स्वतः करते. दाराच्या खालच्या कडेला पाणी गळून जायला बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजतात. दर महिन्याला ती तार घालून मोकळी करायची. या कामाला पैसा लागत नाही. आम्हीसुद्धा ते केले.

गाडीचे छप्पर वर उचलता येते. त्याला कापडाची भिंत असते. पावसात ते कापड भिजले आणि तसेच मिटले तर आठ दिवसांत बुरशी येते. म्हणून घरी आल्यावर छप्पर उघडून कापड वाळवायचेच. ओल्या कपाटाचे लाकूडही फुगते.

आता इंजिन. आपल्या मोटारसायकलच्या इंजिनाला पाणी लागत नाही. वाऱ्याने ते गार होते. या गाडीचे इंजिनही तसेच, वाऱ्यावर गार होणारे. पण ते मागे झाकणाखाली असते, तिथे वारा कुठून यावा? म्हणून आत एक पंखा आहे. पंखा एका पट्ट्यावर फिरतो. त्याच पट्ट्यावर बॅटरी भरणारा जनरेटरही फिरतो. यात एक सोय आहे. पट्टा तुटला तर बॅटरी भरणे बंद होते आणि चालवणाऱ्यापुढे तांबडा दिवा लागतो. माणसाला वाटते, बॅटरीचे काहीतरी आहे, घरी जाऊन पाहू. तोवर पंखा बंद, इंजिन भाजून निघते! तांबडा दिवा लागला की त्या जागी थांबायचे. नवा पट्टा आणि पाना गाडीतच ठेवायचा.

ऑइल फक्त अडीच लिटर बसते. म्हणून ते लवकर खराब होते. लेक दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलते आणि त्याच वेळी टॅपेट तपासते. मोटारसायकलवाल्यांना टॅपेट ठाऊक असतील. इंजिनात झडपा असतात. झडप आणि तिला दाबणारा दांडा यांत बारीक फट लागते. या इंजिनात ती ०.१५ मिलिमीटर असते. जाड कागदाएवढीच म्हणा. फट मिटली तर झडप नीट बसत नाही आणि जळते. फट पाहायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी. लेक पहाटे उठून गाडीमागे बसे. जावईबापू चहा करून आणीत.

आम्ही विचारले, "हे तुला शिकवलं कोणी?" तिने एक पुस्तक दाखवले. पानापानावर तेलाचे डाग. जॉन म्यूर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९६९ साली ते लिहिले. ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याने फोक्सवॅगन कशी जिवंत ठेवावी, ते त्यात चित्रांसह सांगितले आहे. पुस्तक मूर्खातल्या मूर्खासाठी आहे असे त्याने नावातच गमतीने म्हटले आहे. आम्हांला ते नाव रुचले नाही. माहीत नसणे म्हणजे मूर्ख असणे नव्हे. पण पुस्तक चांगले. लेक आधी सारा पाठ वाचते. मग लागणारे पाने, फडकी, वायसर ओळीने मांडते. मग बोल्टला हात लावते. उघडलेला प्रत्येक भाग काढला त्याच क्रमाने जुन्या चादरीवर ठेवते. आणि काम झाले की वहीत लिहिते. तारीख, किलोमीटर, काय केले, काय राहिले.

त्या वहीत 'काय राहिले' याखाली लिहिले होते, 'पेट्रोलच्या नळ्या बदलणे.'

पेट्रोलची टाकी मागेच, इंजिनापेक्षा उंचावर असते. तिथून रबरी नळीने पेट्रोल खाली इंजिनाकडे येते. इंग्लंडात २०२१ च्या सप्टेंबरात पेट्रोलमधले इथेनॉल ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत वाढवले. आपल्याकडे साखर कारखान्यांत होते तेच हे इथेनॉल. आपल्याकडे तर २०२५ साली ते २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर मऊ पडते, नाहीतर कडक होऊन चिरते. म्हणून जुन्या गाडीला इथेनॉल सोसणारी नवी नळी लागते.

लेकीने नळी आणून ठेवली होती. शनिवारी बसवणार होती. आम्ही म्हणालो, "अगं, नळी तर चांगली दिसते. चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस? समुद्र दाखवणार होतीस ना?" आम्ही हेडमास्तर, शिवाय बाप. तिने ऐकले. आम्ही कॉर्नवॉलला निघालो.

दुसऱ्या दिवशी चढावर पेट्रोलचा वास आला. आम्हांला वाटले, पुढच्या गाडीचा असेल. लेकीने तत्क्षणी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली आणि ओरडली, "उतरा! सगळे उतरा! लांब जा!" नात झोपली होती. जावयांनी तिला पांघरुणासकट उचलले. आम्ही चप्पल न घालता उतरलो.

इंजिन निवल्यावर तिने मागचे झाकण उघडले. नळी क्लिपेजवळ चिरली होती. पेट्रोल थेंब थेंब तापलेल्या पत्र्यावर गळून उडून जात होते. वीतभर अंतरावर ठिणगी वाटणारा भाग. त्या इंजिनाची पेटी मॅग्नेशियम मिसळलेल्या धातूची असते. ती एकदा पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. लेकीने टाकीकडची नळी चिमट्याने दाबून धरली, चिरलेली काढली, नवी बसवली. नळी तिने सोबत घेतली होती. आम्ही पाहत उभे राहिलो. ती आम्हांला एक शब्दही बोलली नाही.

त्या रात्री मुक्कामी तिने स्वयंपाकाच्या गॅसची नळीही तपासली. साबणाचा फेस सांध्यांवर लावला. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून गळती कधी पाहू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून घरगाडीत सिलिंडर उभा, वेगळ्या पेटीत ठेवतात आणि पेटीच्या तळाला बाहेर जाणारे भोक ठेवतात. आपल्या घरची गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर साल छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते. आजच वाचून पाहा.

बाहेर थंडी होती. आम्ही म्हणालो, "शेगडी थोडी चालू ठेव, ऊब येईल." लेक म्हणाली, "नाही, अण्णा." बंद जागेत आग जळली की कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू होतो. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. या वायूला वासच नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचे असेच होते. गाडीत तो वायू ओळखून ओरडणारे एक लहान यंत्र लावले होते. तरी शेगडी बंद, दोन पांघरुणे जास्त. आम्ही त्या दिवशी पुन्हा वाद घातला नाही.

ब्रेक आणि टायर यांबद्दल थोडक्यात. ब्रेकचे ऑइल हवेतले पाणी ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे. टायरची नक्षी चांगली असली तरी रबर वयाने मरते. टायरच्या कडेला इंग्रजी आकड्यांत चार अंक छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. ४७१६ असेल तर? आपणच सांगा. ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा टायर पाहून उत्तर ताडून घ्या.

इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना दरवर्षीची सरकारी तपासणी २०१८ पासून माफ आहे. लेक तरीही दरवर्षी पैसे भरून तपासून घेते.

परत येण्याआधी आम्ही ती वही चाळली. कॉर्नवॉलच्या तारखेपुढे लिहिले होते, 'पेट्रोलची नळी रस्त्यात बदलली. बाकीच्या नळ्या घरी आल्यावर त्याच दिवशी बदलल्या. काम शनिवारी करायचे होते. अण्णांच्या सांगण्यावरून पुढे ढकलले.'

आम्ही पेन मागून घेतले आणि त्या ओळीखाली सही केली.