आकडा एकटा येत नाही

मी परभणीचा, नोकरी मुंबईत, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये. गावाकडे कुणी काम विचारलं की ‘मशीनचं’ म्हणून सुटका करून घेतो. खरं काम पेट स्कॅनरच्या कॅलिब्रेशनचं. त्यात उमगलेलं थोडंफार.

१. घड्याळ हेही उपकरणच. रुग्णाला टोचायच्या औषधातलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. डोस मोजायच्या खोलीतलं आणि स्कॅनरचं घड्याळ यांत १० मिनिटांची तफावत असली, तर उत्तर सहा टक्क्यांनी चुकतं. लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचणारा मी इथे मिनिटामिनिटासाठी हुज्जत घालतो.

२. रोज तेच उत्तर येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. सकाळी डोस कॅलिब्रेटरमध्ये सीझियम-१३७चा स्रोत ठेवतो. तो निम्मा व्हायला ३० वर्षं लागतात, म्हणून आकडा कालच्याएवढाच यायला हवा. येतोही. पण त्यातून कळतं ते इतकंच, की यंत्र कालच्यासारखं वागतंय. काल ते खरं बोलत होतं का, हे प्रमाणित स्रोताशी ताडल्याशिवाय कळत नाही. अनुभवाच्या जोरावर निर्धास्त झालेल्या माणसांचंही असंच असावं, मी त्यांतलाच.

३. टोचलं तेवढं सगळं अंगात जात नाही. सिरिंजच्या तळाशी थोडं उरतंच. म्हणून ती आधी मोजायची, नंतरही मोजायची. मोंढ्यात कापसाची गाडी भरलेली तोलतात, मग रिकामी, तसंच. अणुविज्ञान शिकून मी अखेर वजाबाकीवरच आलो.

४. खोटा रुग्ण फार शिकवतो. फँटम म्हणजे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा सिलिंडर. त्यात मोजून फ्लोरिन घालायचं आणि स्कॅनर दर मिलीलिटरला तेवढंच दाखवतो का ते बघायचं. नीट मिसळलं नसेल तर एका बाजूला गडद, एका बाजूला फिकं. मग बिचाऱ्या यंत्रावर संशय. त्यामुळे डबा हलवत उभं राहणं हाही माझ्या पदाचा भाग.

५. शेवटी सगळं साध्या वजनकाट्यावर येतं. गाठीने औषध किती ओढलं, तो एसयूव्हीचा आकडा रुग्णाच्या वजनावरून निघतो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेल्या आमच्याकडच्या काकांना वजन विचारावं, तर उत्तर येतं, “असंल की पासष्ट.” ते आजारपणाआधीचं. काट्यावर ५८ भरतं. पासष्टच धरलं असतं तर एसयूव्ही १२ टक्के जास्त दिसला असता, आणि उपचार लागू पडतायत की नाही हे ठरवताना डॉक्टर तो आकडाही बघतात. म्हणून म्हणतो, “काका, चप्पल काढून एकदा उभे राहा.” आणि हो, त्या काट्याचंही कॅलिब्रेशन करावं लागतं.