भांडण मिटवणारा तिसरा

डे स्कूलमधली मुले भांडली तर दुपारी आपापल्या घरी जातात. आपले तसे नाही. ज्याच्याशी सकाळी वाजले, त्याच्याच शेजारच्या पलंगावर रात्री झोपायचे, त्याच्याच रांगेत पीटीला उभे राहायचे आणि मेसमध्ये त्याच्याकडूनच डाळीचे भांडे मागून घ्यायचे. म्हणून भांडण मिटवणे हा आपल्यासाठी ड्रिल किंवा मॅप रीडिंगइतकाच शिकण्याचा विषय आहे.

आपल्याकडे भांडण संपवण्याचे तीन मार्ग सर्रास दिसतात : हाणामारी, वर तक्रार आणि सिनियरचा हुकूम. "दोघेही वीस पुशअप्स मारा आणि हात मिळवा," असे प्रीफेक्टने म्हटले की हात मिळतात आणि आवाज थांबतो. पण भांडणाचे कारण तिथेच राहते आणि लाइट्स आउटनंतर पुन्हा वर येते. चौथा मार्ग म्हणजे मध्यस्थी. ती आपल्यातल्याच एका प्रशिक्षित विद्यार्थ्याने केली, तर तिला समवयस्क मध्यस्थी म्हणतात.

मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे. कोण चुकला हे तो ठरवत नाही, शिक्षा देत नाही आणि तोडगाही लादत नाही. दोघांना एकमेकांचे ऐकायला लावणे आणि तोडगा त्यांच्याच तोंडून बाहेर काढणे, एवढेच त्याचे काम. हुकूम द्यायची आणि घ्यायची सवय असलेल्या आपल्याला हेच सर्वांत अवघड जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, डॉर्ममध्ये इस्त्री एकच आहे आणि शनिवारी इन्स्पेक्शन आहे. कॅडेट अ आणि कॅडेट ब दोघांनाही पहाटे साडेपाचलाच इस्त्री हवी. धक्काबुक्की होते. आता मध्यस्थाने काय करावे?

पहिली पायरी : जागा आणि संमती. प्रेक्षक नसलेली जागा निवडा. दोघांनाही विचारा, "बसून बोलायला तयार आहात का?" एकजण जरी नाही म्हणाला, तरी थांबा. जबरदस्तीची मध्यस्थी हा हुकूमच असतो.

दुसरी पायरी : नियम. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. शिवी नाही. इथले बोलणे बाहेर सांगायचे नाही. मात्र कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचे कळले, तर ते हाऊस मास्टरांना सांगितले जाईल, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा.

तिसरी पायरी : ऐकणे. प्रत्येकाचे झाल्यावर मध्यस्थाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे. "हा नेहमी दादागिरी करतो," असे ब म्हणाला, तर मध्यस्थ म्हणेल, "तुझी पाळी डावलली जाते असे तुला वाटते, बरोबर?" आरोप गळतो आणि तक्रार उरते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपण वेगवेगळ्या राज्यांतून आलो आहोत. रागात माणूस मातृभाषेवर येतो आणि समोरच्याला शब्द न कळता फक्त चढलेला आवाज कळतो. अशा वेळी "सावकाश, सगळ्यांना कळेल असे सांग," एवढे म्हटले तरी निम्मे काम होते.

चौथी पायरी : मागणीमागची गरज शोधणे. दोघांची मागणी एकच आहे, "इस्त्री आधी मला." पण "साडेपाचलाच का?" असे विचारल्यावर कळते की अ बँडमध्ये आहे आणि त्याला इतरांच्या आधी मैदानावर पोहोचायचे असते. ब ला वेळेची तेवढी अडचण नाही. मागच्या आठवड्यात अ ने त्याचा धुतलेला शर्ट टेबलावरून उचलून जमिनीवर टाकला होता, ते त्याला लागले आहे. म्हणजे एकाला वेळ हवी आहे आणि दुसऱ्याला मान.

पाचवी पायरी : तोडगा. तो दोघांनीच सुचवायचा. कदाचित बँडची मुले शुक्रवारी रात्री प्रेपनंतर इस्त्री करतील, बाकीच्यांची यादी भिंतीवर लागेल आणि अ शर्टाबद्दल माफी मागेल. कोण, काय, केव्हापासून करणार हे कागदावर लिहा. आठवड्याने पुन्हा भेटून ते पाळले गेले का, हे पाहा.

मागणी आणि गरज यांतला फरक केवळ डॉर्मपुरता नाही. १९६७च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचा सिनाई प्रदेश घेतला. इजिप्तची मागणी होती, सगळा सिनाई परत द्या. इस्रायल तयार नव्हता. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिड येथे बोलावले. वाटाघाटी १३ दिवस चालल्या. दोन्ही नेते समोरासमोर बसले की खटके उडत, म्हणून कार्टर मसुदे घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. इजिप्तला आपल्या भूमीवर आपला हक्क हवा होता, तर इस्रायलला सीमेवर रणगाडे नको होते. या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नव्हत्या. सिनाई इजिप्तला परत मिळाला आणि तिथे किती सैन्य ठेवायचे यावर मर्यादा आल्या. मार्च १९७९ मध्ये तह झाला. प्रदेश अर्धा अर्धा वाटला असता, तर दोघेही नाराज झाले असते.

मध्यस्थाला दुसरी गोष्ट लागते ती तटस्थपणा, आणि त्याचा धडा आपल्याच सेनेने दिला आहे. १९५३ मध्ये कोरियातले युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला तयार नसलेले २२ हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात देण्यात आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर कैद्यांची जबाबदारी असलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्याला परत पाठवण्यासाठी किंवा परत जाण्यापासून रोखण्यासाठी बळ वापरायचे नाही, हा नियम होता. दक्षिण कोरियाच्या सरकारने तर भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. हे काम समेट घडवण्याचे नव्हते, पण दोन्ही बाजूंचा संशय सहन करत कुणाचीही बाजू न घेणे म्हणजे काय, ते यातून कळते. मग आपल्याच हाऊसचा किंवा आपल्याच गावाकडचा मुलगा भांडणात असेल, तर आपण मध्यस्थाच्या खुर्चीवरून उठून दुसऱ्याला बसवायला नको का?

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक प्रकरण मध्यस्थीचे नसते. मध्यस्थीसाठी दोघांची ताकद साधारण सारखी हवी. दहावीचा मुलगा सातवीच्या मुलाला रोज छळत असेल, तर ते भांडण नव्हे, तो अन्याय आहे. अशा दोघांना समोरासमोर बसवून "आपसात मिटवा" म्हणणे म्हणजे लहान मुलाला पुन्हा त्याच्याच तावडीत देणे. भीतीपोटी तो "मिटले" म्हणेल आणि आपण समाधानाने उठू. रॅगिंग, मारहाण, लैंगिक त्रास, पैसे उकळणे, कुणी स्वतःला इजा करून घेण्याची भाषा करणे, यांतले काहीही कळले तर मध्यस्थी नाही. त्याच दिवशी हाऊस मास्टर, मेट्रन किंवा डॉक्टर यांना सांगायचे. ही चुगली नव्हे. पालकांनीही फोनवर "जुळवून घे" म्हणण्याआधी "तुला त्याची भीती वाटते का?" असे जरूर विचारावे. आपल्या संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थीचा कायदा केला, त्यातही फौजदारी खटल्यांची प्रकरणे सर्वसाधारणपणे मध्यस्थीबाहेर ठेवली आहेत.

सराव

१. आरोप काढून फक्त तक्रार उरेल असे पुन्हा सांगा : "हा माझी पॉलिश चोरतो." "तो मला मुद्दाम पास देत नाही." "ते सगळे माझ्या हिंदीला हसतात."

२. खालीलपैकी मध्यस्थी कुठे करता येईल आणि कुठे लगेच वर सांगावे लागेल, ते कारणासह ठरवा : (क) अभ्यासाच्या खोलीत खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोन वर्गमित्रांचा वाद, (ख) एक सिनियर रोज एकाच ज्युनियरकडून आपले कपडे धुवून घेतो, (ग) हॉकी संघातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले आहे.

३. तिघांचे गट करा. दोघांनी भांडायचे, तिसऱ्याने मध्यस्थी करायची. अट एकच : तिसऱ्याने दहा मिनिटे एकही सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. मग भूमिका बदला.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी