विजेरीतील जस्त

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर हे गाव चुनखडी आणि सिमेंट यांसाठी प्रसिद्ध आहे. सिमेंटच्या कारखान्यातील दिवे तेथे रात्रभर तेवत असतात. परंतु गावाची वेस ओलांडली, की कापसाच्या व तुरीच्या शेतांवर गडद अंधार पसरलेला दिसतो. पीक हाताशी आले, की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात. मग शेतकरी जागलीला जातो. मचाणावर त्याचे सोबती दोनच : काठी आणि विजेरी. या मुलखात वाघाचाही वावर आहे. तुरीत खसखस व्हावी आणि नेमकी त्याच वेळी विजेरी मंदावावी, तर कसा प्रसंग ओढवेल, हे सांगावयास नको.

असे मंदावलेले सेल सकाळी अंगणात उन्हात ठेवण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनी आहे. उन्हाच्या उबेने सेलमधील रासायनिक क्रियेला किंचित वेग येतो आणि घटकाभर उजेड मिळतो. पण तो विझत्या दिव्याचा उजेड. उन्हात मांडलेले सेल पाहून एखादी चौकस नात विचारते, “आजोबा, मोबाइल रात्रीतून पुन्हा भरतो, मग हा सेल का भरत नाही?”

प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र सेलच्या पोटात दडलेले आहे.

विजेरीतील साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. मध्यभागी कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डाय-ऑक्साइडची काळी भुकटी असते. या दोहोंच्या मध्ये एक ओलसर लगदा भरलेला असतो. बटण दाबले, की जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊ लागतो. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने, दिव्यातून, काळ्या भुकटीकडे जातात. इलेक्ट्रॉन गमावलेला जस्ताचा कण, म्हणजे आयन, त्या लगद्यात उतरतो. ज्या पदार्थातून असे आयन ये-जा करू शकतात, त्यास विद्युत्-अपघटनी पदार्थ म्हणतात. जस्त असे झिजत जाते आणि अखेर प्रकाश सरतो. जुन्या सेलचे भांडे फुटून चिकट द्रव बाहेर येतो, त्याचे कारण हेच.

या मधल्या पदार्थाचा इतिहास मनोरंजक आहे. इटलीतील व्होल्टा याने 1800 साली आपला विद्युत्-स्तंभ जगापुढे मांडला. त्यात जस्ताच्या व दुसऱ्या धातूच्या चकत्यांमध्ये त्याने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या ठेवल्या होत्या. 1866 साली फ्रान्सच्या लक्लांशे याने केलेला घट काचेच्या बरणीत असे. तो कलंडला, की द्रव सांडे. पुढे 1886 साली जर्मनीच्या कार्ल गासनर याने त्या द्रवात जिप्समपासून केलेले प्लॅस्टर कालवून त्याचा लगदा केला, आणि सेल खिशात घालण्याजोगा झाला. सिमेंट दळतानाही त्यात थोडे जिप्सम मिसळतात. त्यामुळे कालवलेले सिमेंट एकाएकी घट्ट होत नाही. गडचांदूरच्या कारखान्यांना परिचित असलेला हा पदार्थ एके काळी विजेच्याही कामी आला होता!

मग हा सेल उलट दिशेने वीज सोडून पुन्हा का भरू नये? अडचण अशी, की परतणारे जस्त मुकाट्याने आपल्या जागी बसत नाही. पृष्ठभागावर जेथे थोडासा उंचवटा असेल, तेथेच ते अधिक जमा होते. उंचवट्याचे टोक होते, टोकाचा काटा होतो आणि काट्याला फांद्या फुटतात. शास्त्रज्ञ त्यास ‘डेंड्राइट’ म्हणतात. झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. असा एखादा काटा मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचला, की आतल्या आत वीज वाहू लागते आणि घट निकामी होतो. शिवाय पाणी जस्ताला गंजवते, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि घट फुगतो.

तरीही शास्त्रज्ञांनी जस्ताची आशा सोडली नाही. मोबाइलच्या घटातील लिथियम हलके व गुणी खरे. पण त्याच्यासोबतचा द्रव सहसा ज्वालाग्राही असतो. जस्ताचे पाण्याशी जमते, ते स्वस्त आहे, आणि आपल्या देशात राजस्थानातील खाणींतून ते विपुल निघते. 1986 साली यामामोटो व शोजी या जपानी शास्त्रज्ञांनी जस्त-सल्फेटचे द्रावण वापरून पुन्हा भरता येणारा जस्त-मँगनीज घट करून दाखवला. काट्यांचा प्रश्न मात्र उरलाच.

त्यावर एक उपाय असा, की मधला पदार्थ पातळ न ठेवता घन करावा. काट्याला वाट मिळू नये, आयनाला मात्र मिळावी. घन पदार्थातून वीज वाहू शकते, हे नवल फॅरडे याने 1833 साली चांदीचे सल्फाइड तापवताना पाहिले होते. परंतु जस्ताच्या आयनावर दुप्पट विद्युत्-भार असतो. त्यामुळे घन पदार्थ त्याला घट्ट धरून ठेवतो आणि त्याची चाल मंदावते. घन पदार्थाचा धातूशी सर्वत्र सारखा स्पर्शही होत नाही. म्हणून अनेक संशोधक मधला मार्ग शोधतात. घट्ट विरजलेल्या दह्यात पाणी असते, पण भांडे थोडे कलते झाले तरी ते सांडत नाही. तसेच काही पदार्थ पाणी धरून ठेवतात आणि तरीही आकार सोडत नाहीत. त्यांस जेल म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट व त्यांचे सहकारी यांनी नॅफिऑन या पदार्थाच्या पातळ पडद्यात जस्ताचे आयन बसवले. अशा पडद्याने काट्यांची वाढ रोखली जाते आणि घटाचे आयुष्य वाढते, असे त्यांनी 2019 साली प्रसिद्ध केले.

आज बाजारात पुन्हा भरता येणाऱ्या विजेऱ्या मिळतात. त्यांत बहुधा लिथियमचे किंवा शिशाचे घट असतात. जस्ताचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे. तोवर साधा सेल पुन्हा भरू पाहू नये, तो फोडू नये आणि विस्तवात टाकू नये. दिवसाचे ऊन साठवून ते रात्रीच्या जागलीला पुरवील, असा स्वस्त व निर्धोक घट ज्या दिवशी सिद्ध होईल, त्या दिवशी मचाणावरच्या माणसाला विजेरी मंदावण्याचे भय उरणार नाही. नातीने विचारलेल्या प्रश्नाचे मोल एवढे मोठे आहे.

स्वाध्याय

1. मंदावलेला सेल उन्हात ठेवल्याने तो पुन्हा भरतो काय? सकारण उत्तर लिहा.
2. जस्ताचे काटे कसे वाढतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
3. ‘काट्याला वाट मिळू नये, आयनाला मात्र मिळावी’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.