पहिलं पान फाडू नकोस

अगं सोने, काल रात्री फोन ठेवलास तेव्हा तुझा आवाज भरून आला होता. “ताई, तीन महिने झाले, अजून चार ओळी धड वाचता येत नाहीत. मोडी सोडते मी.” तेव्हा मी काही बोलले नाही. सकाळी उठल्यावर आधी कपाटातून माझी मोडीची पहिली वही काढली. तिच्याबद्दल तुला सांगायचं आहे.

वर्गात पहिल्यांदा पेशवेकालीन पत्राची झेरॉक्स मिळाली, तिचं मी केलेलं वाचन त्या वहीत आहे. पानभर प्रश्नचिन्हं. पहिल्या ओळीतलं फक्त ‘श्री’ बरोबर. एके ठिकाणी मी ‘सदर’ लिहून थांबले आहे आणि पुढे ‘हू’ लिहून त्यावर गोल केला आहे. ‘सदरहू’ असा एकच शब्द असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मोडीत आधी पानभर डोक्यावरची रेघ ओढून घेतात आणि मग तिला टांगल्यासारखी अक्षरं हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. तेव्हा शब्द कुठे संपतो हे डोळ्यांना कळत नाही, ते आधी कानाला माहीत असावं लागतं.

तुझं अडतंय ते इथेच, असं मला वाटतं. मुळाक्षरं तुला येतात. बाराखडीही येते, ‘र’ जोडाक्षरात वेश बदलतो तोही तू ओळखतेस. पण ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘वर सांगितलेलं ते गाव’, हे माहीत नसेल तर माणूस ‘मजकूर’पाशी अडखळणारच. ते शब्द वाचता वाचताच अंगात मुरतात. आणि मुरताना कळत नाहीत बघ. रोज नवा कागद समोर येतो, त्यातला न लागलेला शब्द डोळ्यांत खुपतो. लागलेल्या वीस शब्दांकडे कुणी वळून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

मला कळलं ते दीड वर्षानं, तेही योगायोगानं. घर बदलताना ती झेरॉक्स एका पुस्तकातून खाली पडली. उचलली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. ‘राजमान्य राजश्री’ गेलं, ‘विनंती उपरी’ गेलं, ‘सदरहू’वरून नजर न अडखळता पुढे सरकली. शेवटच्या ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत आले आणि तिथेच खोक्यावर बसले. कागद तोच होता गं. त्यातली तारीखसुद्धा लागली. सुहूर सनाचे ते अरबी आकडे तुला सध्या छळतात ना? ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. आले १७६०-६१, पानिपताचं साल. ही बेरीज मी एके काळी भिंतीवर तक्ता लावून करायची. तक्ता कधी काढून ठेवला, तेही आठवत नाही.

म्हणून माझं ऐक. पहिल्या आठवड्यातलं तुझं वाचन शोध. फाडलं असशील तर आजचं ठेव, पण वर तारीख घाल. चुका खोडून नीटनेटकं करू नकोस, प्रश्नचिन्हं तशीच राहू देत. तीन महिन्यांनी तोच कागद नव्या पानावर पुन्हा वाच, जुनं वाचन झाकून. मग दोन्ही शेजारी ठेव. वर्गातल्या त्या भराभर वाचणाऱ्या मुलीच्या वहीशी ताडून बघत बसू नकोस. तिच्या घरी कुणी मोडी वाचणारं होतं का, ती किती वर्षं शिकते आहे, आपल्याला काय माहीत? तुझं माप तुझ्याच जुन्या पानावर आहे.

आणि चार ओळी म्हणतेस, त्या कुठल्या ते तरी सांग मला. जूनमध्ये तू ‘क’ गिरवत होतीस, आणि परवा अर्धं पत्र मला फोनवर वाचून दाखवलंस. दोनदाच अडलीस. मी मोजत होते.

आजोबांच्या पिढीला ही लिपी शाळेत शिकवत. १९५०च्या सुमारास ती शाळांमधून गेली आणि त्यांची पत्र्याची ट्रंक आपल्यासाठी मुकी झाली. दिवाळीत गावी येशील तेव्हा तुझी वही घेऊन ये, मी माझी आणते. ट्रंकेतल्या बांधाच्या कागदात सातव्या ओळीत एक शब्द आहे. दोन वर्षं झाली, मला अजून लागलेला नाही. पडवीत उजेड चांगला असतो, सकाळी दोघी बसू.