ऋतू बदलला, पाठपिशवी बदला

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की माध्यमिक शाळांना सहलींचे वेध लागतात. ठिकाण, वाहन, वर्गणी व परवानगी यांची चर्चा होते. परंतु मुलाने पाठीवर काय न्यावे, हा प्रश्न बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री त्याच्या आईवर सोपविला जातो. आई मायेने भरत जाते आणि पिशवी जड होते. गडाच्या दुसऱ्याच चढावर ते मूल मागे पडू लागते, तुकडी लांबत जाते आणि उतरतीच्या वाटेवर अंधार गाठतो. डोंगरातील संकटाचा आरंभ पुष्कळदा अशा साध्या थकव्यात असतो. म्हणूनच पाठपिशवी भरणे हे घरगुती काम न मानता सहलीच्या नियोजनाचा भाग मानले पाहिजे.

सहा किलोंचे गणित

शालेय दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. चालण्याची सवय असलेल्या मुलास डोंगरात थोडे अधिक ओझे पेलते. तथापि पंधरा टक्क्यांची मर्यादा सांभाळणे श्रेयस्कर. आठवीतील विद्यार्थ्याचे वजन ४० किलो धरले, तर त्याच्या वाट्याला सहा किलो येतात. त्यात रिकाम्या पिशवीचे वजन सुमारे एक किलो. दोन लिटर पाणी म्हणजे आणखी दोन किलो. उरलेल्या तीन किलोंत कपडे, अंथरूण, खाणे व विजेरी एवढे सारे बसवावयाचे असते. हे सहा किलो बारा महिने तेवढेच राहतात. ऋतूप्रमाणे बदलते ती त्यांची वाटणी.

काही वस्तू मात्र सर्व ऋतूंत हव्यात. शिटी, विजेरी व तिचे जादा सेल, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, गूळ-शेंगदाण्यासारखा कोरडा खाऊ, मुलाची नेहमीची औषधे आणि त्याचे नाव, रक्तगट व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, ही ती यादी. बूट वापरून मऊ झालेले असावेत; सहलीसाठी घेतलेले नवे बूट पहिल्याच दिवशी पायाला फोड आणतात. अंथरूण पिशवीच्या तळाशी, जड वस्तू मध्यभागी पाठीला लागून आणि पाणी, विजेरी व पावसाळी कपडे वर, असा क्रम ठेवावा. हातात काहीही नसावे. चढताना व उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत.

पावसाळा : कोरडा जोड सांभाळावा

पावसाळ्यात सह्याद्रीवर गारव्यापासून खरा धोका संभवतो. कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर १६४६ मीटर उंच आहे. अशा उंचीवर भिजलेला सुती सदरा आणि वारा यांची गाठ पडली, तर थर्मामीटरचा पारा फार उतरलेला नसतानाही मूल काकडू लागते, अडखळते आणि हळूहळू सुस्त होते. सुती कापड पाणी धरून ठेवते. म्हणून या ऋतूत लवकर वाळणारे कपडे घालावेत आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. हा जोड चालताना वापरावयाचा नाही. मुक्कामी पोहोचल्यावर किंवा मूल गारठल्यावरच तो काढावा. सर्व सामान प्रथम एका जाड, मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत भरून मग ती पाठपिशवीत घालावी आणि हे प्लॅस्टिक न विसरता परत आणावे.

छत्री डोंगरात निरुपयोगी ठरते. कोकणातील शेतकरी भाताच्या लावणीला इरले घेतो, कारण त्याला दोन्ही हात मोकळे हवे असतात. त्याच कारणाने मुलांसाठी रेनकोट योग्य. मात्र फुगलेला ओढा समोर आला, तर कोणतेही साहित्य कामी येत नाही. तेथून मागे फिरणे हाच उपाय होय. शाळांनी या दिवसांत एकदिवसीय भ्रमंतीच आखावी व जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

हिवाळा : थंडी जमिनीतून येते

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिबिरांचा खरा हंगाम. उंची एक हजार मीटरने वाढली की तापमान सर्वसाधारणपणे सहा-साडेसहा अंशांनी उतरते, आणि माथ्यावर वाराही असतो. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे हितकारक. चढताना स्वेटर काढून ठेवावा, अन्यथा घामाने तो ओला होतो. रात्रीची थंडी पांघरुणातून जितकी येते तितकीच खालच्या जमिनीतून येते. त्यामुळे दुसऱ्या गोधडीपेक्षा अंगाखाली घालावयाची हलकी फोमची पट्टी अधिक उपयोगी पडते. कानटोपी व पायमोजे विसरू नयेत.

घरची गोधडी उबदार खरी, पण सहा किलोंत ती बसत नाही. पायथ्याच्या गावातील शाळेत मुक्काम ठेवला, तर अंथरुणे वाहनाने तेथपर्यंत नेता येतात आणि मुले हलक्या पिशवीनिशी गड पाहून परत येतात. या ऋतूत गवत वाळलेले असते व कड्यांवर आग्यामोहोळे असतात. म्हणून गडावर शेकोटी पेटवू नये व अंगाला अत्तर लावू नये. धुराने व उग्र वासाने माश्या उठतात.

उन्हाळा : अर्धे ओझे पाण्याचे

मार्चनंतर गडांवरील अनेक टाकी आटतात. ‘वर पाणी आहे’ या ऐकीव माहितीवर विसंबणे धोक्याचे. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतले, तर सहापैकी तीन किलो तेथेच संपतात. मग अंथरूण व स्वयंपाकाचे साहित्य वगळावे लागते. यातून आपोआपच उन्हाळी सहलीचे वेळापत्रक ठरते. पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी पायथा गाठावा. पावसाळ्यात टाळलेले सुती कपडे आता गुणकारी ठरतात. क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. येथे चमचा म्हणजे चहाचा. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात हलवावे. मे महिन्यात दुपारी ढग दाटल्यास उघडा माथा तत्काळ सोडावा. वीज अशाच जागी पडते.

शिक्षक व ग्रामपंचायत

प्रथमोपचार पेटी, जादा विजेऱ्या, राखीव पाणी व विद्यार्थ्यांची यादी हे सामायिक साहित्य शिक्षकांकडे असावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता रुग्णाला दवाखान्यात न्यावे. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी आधीच करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. परंतु दरीत दूरध्वनी लागेलच असे नाही. म्हणून तुकडीची संख्या, वाट व परतीची वेळ पायथ्याच्या ग्रामपंचायतीत लिहून द्यावी. वाटाड्या व पाण्याची खरी स्थिती यांची माहिती तेथेच मिळते. सहल खासगी संस्थेमार्फत न्यावयाची असल्यास, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्या संस्थेची नोंदणी आहे का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. ज्याच्या घरी रेनकोट किंवा बूट नाहीत, तो विद्यार्थी ते सांगत नाही. ‘मला यावयाचे नाही’ एवढेच म्हणतो, अथवा चपला घालून येतो. पहिल्या प्रकारात त्याची संधी जाते, दुसऱ्यात जीव धोक्यात येतो. शाळेने दरवर्षी थोडे थोडे रेनकोट, पट्ट्या व विजेऱ्या जमवून त्यांचा सामायिक संच केला, तर तो पुढील तुकड्यांनाही उपयोगी पडेल. ग्रामपंचायती व माजी विद्यार्थी यांनी त्यास हातभार लावावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी आपल्या पिशव्या शाळेत आणाव्यात, स्वतःच्या हातांनी त्या रिकाम्या करून पुन्हा भराव्यात आणि पोषण आहाराचे धान्य मोजण्याच्या काट्यावर त्यांचे वजन करावे. या कामास एक तास पुरतो. आपल्या हातांनी पिशवी भरलेल्या मुलाला अंधारात विजेरी शोधावी लागत नाही, आणि कोणती वस्तू घरी ठेवावी हेही ते पुढील सहलीपूर्वीच शिकलेले असते.