आधी फ्रीव्हील, मग स्पोक!

मित्रांनो, मेकॅनिक्सच्या पेपरात आपण बल गुणिले अंतर लिहून मार्क मिळवतो. तोच टॉर्क हाताला कसा लागतो हे पाहायचंय? मग जुन्या सायकलचं फ्रीव्हील काढून बघा.

माझ्याकडे आजोबांची काळी २८ इंची सायकल आहे. मागची रिम गंजलेली, पण ४० भोकांचा मूळ हब ठणठणीत. तो वाचवून नवी रिम घालायची होती. मला वाटलं, सगळे स्पोक कापून टाकू, मग फ्रीव्हील निवांत काढू. दुकानातल्या काकांनी तिथंच थांबवलं, "अरे, स्पोक कापलेस तर हब धरशील कशानं?"

फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी बसतं, त्यामुळे पेडल मारू तसं ते आवळत जातं. ७० किलोचा माणूस १७ सेंमीच्या क्रँकवर उभा राहिला की क्रँकवर साधारण ११७ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पुढे ४८ आणि मागे १८ दात असतील तर फ्रीव्हीलवर ४४. वर्षानुवर्षं प्रत्येक चढावर हेच, शिवाय गंज! सोडवायला मग याहून बराच जास्त जोर लागतो.

दात धरून उलटं फिरवावं, तर रॅचेटमुळे ते नुसतं टकटकत फिरतं. म्हणून आतल्या भागाच्या खाचांतच रिमूव्हर बसवावा लागतो. या खाचा उथळ असतात. रिमूव्हर निसटला की कडा तुटल्याच समजा.

आदल्या रात्री आट्यांत तेल सोडा. रिमूव्हर खाचांत बसवून वरून अ‍ॅक्सलचा नट हातानं लावा, म्हणजे तो निसटणार नाही. आता रिमूव्हर बेंच व्हाइसमध्ये पकडा, चाक वर आडवं ठेवा आणि रिम दोन्ही हातांनी एसटीच्या स्टिअरिंगसारखी धरून डावीकडे फिरवा. ३० सेंमीच्या पान्ह्यावर ३०० न्यूटन लावले तर ९० न्यूटन-मीटर मिळतात. रिमची त्रिज्या सुमारे ३२ सेंमी. दोन्ही हातांनी तेवढंच बल लावलं की १९२! शिवाय हे शुद्ध 'कपल', त्यामुळे रिमूव्हर तिरका होत नाही. 'कट्' आवाज आला की थांबा, नट सैल करा, मगच पुढे फिरवा.

खाचा आधीच तुटलेल्या असतील तर? बाहेरच्या झाकणावर दोन बारीक भोकं असतात. झाकणाचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणून पंच-हातोडीनं ते घड्याळाच्या दिशेनं ठोका. डोळ्यांवर गॉगल हवाच. झाकण सुटलं की छर्रे सांडतील आणि बाहेरचा दातेरी भाग निघेल. उरलेला गाभा व्हाइसमध्ये घट्ट आवळून पुन्हा रिमच फिरवा. फ्रीव्हील जाईल, पण हब वाचेल.

नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवात हातानंच करा. जुन्या ब्रिटिश हबचे आटे १.३७० इंच व्यासाचे, इंचाला २४. फ्रेंच हबचे ३४.७ मिमी, पिच १ मिमी. हातानं जात नसेल तर पान्हा लावू नका, आधी माप तपासा.

आणि स्पोक? ते सगळ्यात शेवटी कापा.